कांद्याची मुळं आणि आत्याची शपथ

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची आठवण कुणालाच राहत नसे. वेळ कळायची ती एसटी स्टँडवरून. अहमदपूरच्या स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या आणि मागे लहानसं परस असं आमचं भाड्याचं घर होतं. स्टँडवरच्या कर्ण्यातून कंट्रोलर गाड्या पुकारायचा, ते थेट आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचं. पहिली नांदेड गाडी लागली की आत्याची आंघोळ झालेली असे, लातूर गाडीला डाळ शिजायला पडे आणि उदगीर गाडी पुकारली की अण्णा पाटावर बसत. एखाद्या दिवशी उदगीर गाडी रद्द झाली तर अण्णांना कचेरीत जायला उशीर व्हायचा, आणि त्याबद्दल ते आत्याला काही न बोलता एसटी महामंडळाला बोलायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून. आत्या त्यांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तेव्हापासून ती माहेरीच होती. मी तीन वर्षांची असताना माझी आई गेली, त्यामुळे मला आई म्हणून जे काही आठवतं ते सगळं आत्याचंच आहे.

आत्याचं सोवळं कडक होतं. पहाटे आंघोळ करून ती चुलीपाशी बसली की दुपारची जेवणं उरकेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. चुकून कुणाचा हात लागला तर ती पुन्हा आंघोळ करी, मग थंडी असो की ताप. माझ्या लहानपणी आत्या दुपारनंतरच मिळायची. सकाळी गुडघा फुटला तरी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून रडायची आणि ती आतूनच म्हणायची, "रडू नको कुंदे, हळद लाव तवर. जेवणं झाली की बघते." आणि जेवणं झाली की खरंच बघायची, मांडीवर घेऊन, फुंकर घालून, सकाळचं सगळं व्याजासकट. आज हे कुणाला सांगितलं तर लोक कपाळाला आठ्या घालतात. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्यांच्याच घरी माणसं अर्धा दिवस शिवायची नसतात, असं मी समजून होते.

तिच्या हातचं आठवायला बसले तर हे प्रकरण संपायचं नाही. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, तिच्यावर करडईच्या तेलाची धार. ज्वारीची भाकरी, पातळ आणि पापुद्रा सुटलेली. आणि मुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेली सुशीला. लातूर-नांदेडबाहेरच्या माणसाला सुशीला म्हटलं की तो आधी बाईचं नाव समजतो, मग आपण त्याला बशीभर खायला घालतो आणि तो गप्प होतो. आत्याची सुशीला चातुर्मासात कांद्याशिवाय व्हायची. आषाढातल्या कांदेनवमीला घरातले सगळे कांदे भजी, थालीपीठ, पीठ पेरून भाजी असे संपवायचे, त्या दिवशी पोट बिघडेपर्यंत खायचे, आणि मग कार्तिकापर्यंत कांद्याचं नाव घ्यायचं नाही. उरलासुरला कांदाही शेजारी देऊन टाकायचा, घरात ठेवायचा नाही.

मी बारावी सायन्सला गेले आणि नेमका भाद्रपदात मला कांदा लागला. आम्हाला जीवशास्त्राला बिराजदार सर होते, उदगीरकडचे, आवाजाने मोठे आणि स्वभावाने मऊ. पेशीविभाजन शिकवताना ते म्हणाले, "पुस्तकातलं चित्र मारवाड्याच्या दुकानातल्या कॅलेंडरासारखं असतंय. खरं बघायचं असंल तर आपापल्या घरी कांदा लावा." कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडायची, पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर तो असा बसवायचा की नुसतं बूड पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी नवी मुळं फुटतात. सकाळी आठच्या सुमाराला त्यांची टोकं ब्लेडने कापायची आणि सरांनी दिलेल्या बाटलीतल्या औषधात टाकायची. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती टोकं लाल रंगात गरम करून काचेवर अंगठ्याने चेपली की सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीच्या दोन होताना दिसतात. हे सगळं मी आत्याला उंबऱ्याबाहेर उभी राहून, जमेल तितक्या लाडीगोडीने सांगितलं.

ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "खायचा नाही म्हणलंय. बघायचा नाही असं कुणी म्हणलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही." कांद्यांना परसातली, न्हाणीजवळच्या भिंतीवरची जागा मिळाली. तिथून पुढे आत्या रोज पहाटे आंघोळीला जाताना लांबूनच वाकून त्यांच्याकडे बघायची आणि मला उठवायची, "ऊठ गं, तुझ्या कांद्याला मिशा फुटल्यात!" पाणी कमी झालं तर तेही सांगायची. मुळं कापून झाल्यावर एकदा तिने विचारलं, "कापल्यावर ते परत वाढतंय का?" मी ऐटीत म्हटलं, "टोक गेलं की ते मूळ थांबतं. वाढ टोकातच असते." ती म्हणाली, "मग टोकच कशाला कापायलीस बिचाऱ्याचं?"

पुढे मी स्वतः लातूरला तीस वर्षं हाच विषय शिकवला. अलीकडे शेजारची मुलं माझ्याकडे शंका विचारायला येतात. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ती डोळे मिटून सांगतात. कांद्याचं मूळ मात्र एकानेही कापलेलं नसतं. मी चिडते, त्यांच्या आया माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात, आणि मी चहा टाकते.

डिसेंबरात कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि कांद्याची स्लाइड. आत्या दुपारची जेवणं उरकून, धुवट लुगडं नेसून, शेजारच्या बाईंना सोबतीला घेऊन आली. तिला एक डोळा मिटता येईना, म्हणून मी माझ्या तळहाताने तिचा डावा डोळा झाकला. तिने आत बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर वातींसारखं दिसायलंय. वळून ठेवल्यात कुणी." मग तिने मान वर केली आणि मला सोडून थेट सरांना विचारलं, "सर, हे वाढतंय ते कळलं. थांबतं कधी?"

बिराजदार सरांना असा प्रश्न विचारणारं माणूस वर्षाकाठी एखादं मिळत असावं. ते टेबलाला टेकूनच उभे राहिले. "मावशी, पेशी एकटी राहत नाही. शेजारपाजारच्या पेशी तिला सांगावा धाडतात. आता वाढ, आता पुरे, आता तुझं वय झालं, जागा खाली कर. असा सांगावा आला की ती ऐकती."

"अन् नाही ऐकलं तर?"

"मग एकाच्या दोन, दोनाच्या चार. गाठ होती."

"अंगात औषधपाणी करणारं काही नसतंय का? शिपाई म्हणत होती ही परवा, रक्तातले."

"असतात की. बाहेरचं कुणी घुसलं की धरतात. गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही, ते त्यांच्यामुळंच. पण हा घरचाच असतोय मावशी. तोच चेहरा, तेच कपडे. शिपाई त्याला कसा ओळखणार?"

आत्या म्हणाली, "घरच्याला कोण धरतंय," आणि पदर सावरून पुढच्या टेबलावरचा ज्वालामुखी बघायला गेली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी आठवडाभर मैत्रिणींना तेच सांगत होते.

त्या वर्षी माझं सगळं पुढचं आयुष्य एका गोष्टीवर टांगलेलं होतं. मला लातूरला बीएस्सीला जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. अण्णांचा शिक्षणाला विरोध नव्हता, पण त्यांचा हिशेब सरळ होता. "अक्काचे हातपाय चालायलेत तवर शिक," ते म्हणायचे, "तिला झेपंना झालं की घर तुलाच बघायचंय." यात दुष्टपणा काही नव्हता. त्यांना स्वतःला चहासुद्धा करता येत नव्हता, आणि बाई नसलेल्या घराची त्यांना आईच्या वेळेपासून धास्ती होती. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, आत्याला काय होतंय.

माघात, परीक्षेच्या तयारीसाठी, मी पुन्हा कांदे लावले होते. सकाळी भिंतीपाशी ब्लेड घेऊन उभी होते. त्या दिवशी तिला उशीर झाला होता. न्हाणीतून ती बाहेर आली आणि साबणाच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर तिचा पाय सटकला. मी ब्लेड टाकून तिला बाजूने कवेत धरलं. पडली नाही. पण माझा हात तिच्या डाव्या काखेच्या पुढे घट्ट दाबला गेला होता, आणि त्या हाताखाली काहीतरी होतं. सुपारीएवढं, आणि सुपारीसारखंच टणक.

मी शिवले होते. आता ती ओरडेल आणि परत न्हाणीत जाईल म्हणून मी बाजूला झाले. ती ओरडली नाही. न्हाणीतही गेली नाही. ओल्या लुगड्यात तशीच उभी राहिली, आणि मी घाबरले ती तेव्हा.

"आत्या, हे काय आहे?"

"काही नाही. हाड हाय ते."

"तिथं हाड नसतं."

"तुला लई ठाऊक."

"आहेच मला ठाऊक. डॉक्टरला दाखवू या. मी अण्णांना सांगते."

तिने माझं मनगट धरलं. सोवळ्यात, स्वतःहून. "दुखत नाही बघ बिलकुल. तुझा शेवटचा पेपर होईस्तोवर अण्णाला काही सांगायचं नाही. माझ्या गळ्याला हात लाव."

"आणि समजा वाढली तर?"

"समजा बिमजा काही नाही. मी आज अंथरूण धरलं की उद्या चुलीपुढं तू बसशील. एकदा बसलीस की उठणार नाहीस, कुंदे. मी बसले ना, मला ठाऊक आहे."

मी तिच्या गळ्याला हात लावला. तिने मला भरीला घातलं, मी लहान होते, शपथ मोडली तर आत्याच मरेल अशी भीती वाटली, हे सगळं खरं आहे. पण या वयात खोटं कशाला लिहू? मला लातूरला जायचं होतं. तिने ते सोपं करून दिलं आणि मी ते घेतलं.

शेवटच्या पेपरपर्यंत एकोणचाळीस दिवस होते. ते मी एकेक करून मोजलेत. आत्या नेहमीसारखी उठायची, भाकऱ्या थापायची, अभ्यासाला बसले की बशीत सुशीला आणून ठेवायची आणि वर "दाणे वेचून खाऊ नको" म्हणायची. मी तिच्या डाव्या हाताकडे बघायची. कळशी उचलताना ती तो हात जरा अंगाशी धरते का? कालच्यापेक्षा जास्त धरते का? पुस्तक उघडलं की तेच प्रकरण. एकाच्या दोन, दोनाच्या चार. मी ते प्रकरण उजळणीत सोडून दिलं, आणि पेपरात नेमकं तेच आलं. आकृती काढून, नावं देऊन, मी पूर्ण उत्तर लिहिलं. इतकं चांगलं उत्तर मी दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाचं लिहिलं नव्हतं, आणि लिहिताना मला स्वतःची किळस आली होती.

शेवटचा पेपर देऊन मी घरी न जाता थेट कचेरीत गेले आणि अण्णांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. ते सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत घरी आले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

"अक्का, मला का नाही सांगितलंस?"

आत्या गहू निवडत होती. "तुला सांगितलं असतं तर तू पोरीला घरी बसवलं असतंस."

"बसवलं असतं," ते म्हणाले. आणि मग माझे वडील, जे आईच्या वेळीही कुणासमोर रडले नव्हते म्हणे, तिथेच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही तिला नांदेडला नेलं. दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. पडद्यामागून तपासून त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?" अण्णा कागदांकडे बघत होते. मी खाली बघत होते. आत्या पडद्याआडून म्हणाली, "परीक्षा होती हो हिची." डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हातारी काहीतरी बरळते आहे. आठवडाभरात ऑपरेशन झालं.

तो उन्हाळा मला नुसता दुःखाचा आठवत नाही, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. आत्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पहिल्या दिवशी मी तिला न्हाणीत पाटावर बसवून तिच्या पाठीवर पाणी ओतलं, केस धुतले, टाक्यांच्या कडेने हलक्या हाताने पुसलं. सोवळ्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही, आणि तो आमच्या घरातून असा गुपचूप गेला. जन्मभर दुपारची वाट बघणारी मी, त्या तीन महिन्यांत सकाळी सकाळी तिच्या अंगाचा वास घेत होते. स्वयंपाक मी करायची आणि ती खाटेवरून हुकूम सोडायची. अण्णांनीही हट्टाने वरणभात शिकून घेतला. त्यांच्या वरणात डाळ आणि पाणी यांची शेवटपर्यंत ओळख झालेली नसे. आत्या ते ओरपून खायची आणि म्हणायची, "भाऊ, नोकरी सोडू नको मात्र."

जूनमध्ये अण्णांनी स्वतः माझी ट्रंक लातूर गाडीवर चढवली. मी नको म्हणत होते, एक वर्ष थांबते म्हणत होते. आत्याने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "माझी छाती गेली ती काय तू घरी बसावीस म्हणून?" असं ती भर स्टँडवर, चार माणसांत म्हणाली, आणि अण्णा इतके लाजले की जाऊन कंट्रोलरशी गाडीच्या वेळेवरून वाद घालू लागले.

त्यानंतर ती सात वर्षं जगली. मी बीएस्सी केलं, पुढे एमएस्सी केलं आणि लातूरच्याच एका ज्युनिअर कॉलेजात लागले. शेवटच्या वर्षी दुखणं उलटलं, पाठीच्या हाडांत गेलं, आणि औषधपाणी सोयीचं पडेल म्हणून ती माझ्या खोलीवर येऊन राहिली. एके सकाळी मी कॉलेजला निघाले होते, साडीला पिन लावत होते, आणि तिने खाटेवरून विचारलं, "आज काय शिकवणारेस?" "पेशीविभाजन," मी सांगितलं. ती हसली. आणि मला काय झालं कोण जाणे, सात वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते मी उभ्या उभ्या बोलले. की ते एकोणचाळीस दिवस मी मोजलेत. की मला सगळं कळत होतं, इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी मी गप्प राहिले. की तेव्हाच नेलं असतं तर आज कदाचित हे उलटलं नसतं.

"एकोणचाळीस दिवसांचं काय घेऊन बसलीस," आत्या म्हणाली. "तुझा दहावीचा निकाल लागला ना, पेढे वाटले आपण, त्या हप्त्यात लागली होती माझ्या हाताला. हरभऱ्याएवढी."

मी हिशेब केला नाही. तो आपोआप झाला. जवळजवळ दोन वर्षं.

"तेव्हा तू अण्णाला म्हणालीस की मला सायन्सला जायचंय. मी म्हटलं, बारावी होऊ द्यावी. तवर थांबली तर थांबली."

प्रदर्शनात तिने सरांना तो प्रश्न का विचारला होता, हे मला त्या क्षणी कळलं. सगळ्यात आधी मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. छातीवरचा दगड उतरल्यासारखं, क्षणभरच. आणि मग त्या दोन वर्षांत तिने थापलेल्या भाकऱ्या आठवल्या. ती खरं सांगत होती, की माझं ओझं उतरावं म्हणून सांगत होती, हेही मला आजतागायत ठाऊक नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण दोन वर्षं गप्प राहता येणाऱ्या बाईला काय अवघड होतं?

मी पर्स खाली ठेवली आणि खाटेवर तिच्या शेजारी बसले. तिने माझा हात बाजूला सारला.

"ऊठ. तास बुडंल तुझा."

"बुडू दे," मी म्हटलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही.